उंदीर पडू लागले तेव्हा

विसाव्या शतकाची अगदी सुरुवातीची वर्षे. भायखळ्याच्या राणीच्या बागेत ठेवलेले गिनीपिग मरू लागले. मुंबईवरून तोवर प्लेगचे कितीतरी हंगाम गेले होते, माणसे हजारांनी दगावली होती, तेव्हा बागेतल्या गिनीपिगांकडे कोणाचे लक्ष गेले नसते तरी त्यात नवल नव्हते. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या ग्लेन लिस्टन यांचे लक्ष गेले. मेलेल्या प्राण्यांच्या शरीरात त्यांना प्लेगचे जंतू सापडले आणि केसांत पिसवा सापडल्या. गिनीपिगाच्या अंगावर एरवी पिसवा जवळजवळ नसतातच. या पिसवा उंदरांच्या होत्या.

दक्षिण अमेरिकेतला हा प्राणी मुंबईत पाहुणा. त्याचा प्लेगच्या रोग्याशी संबंध नाही, तो कुठल्या अंधाऱ्या चाळीत राहत नाही, कोणाचे उष्टे खात नाही. मग त्याला प्लेग दिला कोणी? या साध्या प्रश्नाच्या उत्तरात एका महासाथीचे कोडे सुटायचे होते. पण ते कोडे पडले त्याला तेव्हा सहा-सात वर्षे होऊन गेली होती, आणि त्या वर्षांत सरकारने, डॉक्टरांनी आणि लोकांनी काय काय सोसले आणि सोसायला लावले, ते आधी सांगायला हवे.

१८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेग आला. त्याच वर्षी जून महिन्यात तिथे दोन संशोधक, पाश्चर यांच्या परंपरेतले अलेक्सांद्र येरसँ आणि जपानचे किटासाटो शिबासाबुरो, रोगाच्या जंतूपर्यंत पोहोचले. येरसँ यांनी आणखी एक गोष्ट पाहिली होती. हाँगकाँगच्या गल्ल्यांत मेलेल्या उंदरांचा खच पडला होता, आणि त्या उंदरांच्या शरीरातही तेच जंतू होते. म्हणजे जंतू कोणता हे कळले, तो उंदरात असतो हेही कळले. तो उंदरातून माणसात कसा येतो, एवढे मात्र कळले नाही.

दोन वर्षांनी, १८९६ च्या सप्टेंबरात, मुंबईतल्या मांडवी भागात व्यवसाय करणारे डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस एका तापाच्या रोग्याला बघायला गेले. हे मूळचे गोव्याचे, बार्देशातल्या हडफड्याचे. जांघेतली गाठ, चढलेला ताप, खचत चाललेला रोगी. त्यांनी निदान केले आणि ते बोलून दाखवण्याचे धैर्यही दाखवले. बंदराचे शहर, परदेशाशी व्यापार, गिरण्यांची भरभराट. अशा शहरात प्लेग हा शब्द उच्चारणे म्हणजे सगळ्यांचा राग ओढवून घेणे. पण निदान खरे ठरले. मांडवी म्हणजे धान्याचा बाजार. दाणाबंदराच्या वखारींत पोत्यांच्या थप्प्या, वखारींना लागून चाळी, चाळींच्या खाली गटारे. उंदराला याहून चांगले घर मिळणे अवघड. त्या वखारींतून उंदीर मरून पडत होते, आणि ही गोष्ट आसपासच्या लोकांना डॉक्टरांच्या आधी ठाऊक होती.

उंदीर पडले की माणसांवर संकट येते, हे आपल्याकडे पूर्वापार माहीत होते. जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत एक हकिकत नोंदवून ठेवली आहे. आग्ऱ्याकडच्या साथीच्या वेळी एका सरदार घराण्यातल्या स्त्रीने ती त्याला सांगितली होती. घराच्या अंगणात एक उंदीर झिंगल्यासारखा पडत-झडत फिरताना दिसला. दासीने त्याला शेपटीने उचलून मांजरापुढे टाकले. मांजराने आनंदाने झडप घातली, पण लगेच किळस आल्यासारखे करून त्याला सोडून दिले. मग मांजर आजारी पडले, त्यानंतर ती दासी, आणि पाठोपाठ घरातली बरीच माणसे गेली. उंदीर, मांजर, माणूस असा क्रम एका घरातल्या बाईने सतराव्या शतकात नीट लक्षात ठेवला होता. कुमाऊँ-गढवालच्या डोंगरात एकोणिसाव्या शतकात प्लेगच्या साथी येत, तेव्हा तिथले गावकरी उंदीर मरताना दिसले की घरेदारे सोडून रानात जाऊन राहत. आपल्याकडेही १८९७ नंतर गावोगाव हीच रीत पडली. घरात उंदीर पडला की भांडीकुंडी उचलायची आणि शेतात झोपडी घालून राहायचे. आजीच्या तोंडून प्लेगच्या झोपड्यांच्या गोष्टी ऐकलेली माणसे अजूनही भेटतात.

सरकारने मात्र माणसांकडे पाहिले. प्लेग माणसापासून माणसाला होतो, घाणीतून होतो, जमिनीतल्या विषातून होतो, अशा समजुतीवर सगळी यंत्रणा उभी राहिली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगाचा कायदा झाला. मुंबईत ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या हाती प्लेग समितीचा कारभार आला. गटारांतून समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक सोडले गेले. घरांना चुना मारला, उजेड यावा म्हणून छपरे उघडली, विष निघून जावे म्हणून जमिनी उकरल्या, कपडे-अंथरुणे जाळली. आगगाडीच्या स्टेशनांवर बायका-पुरुषांना उभे करून काखा-जांघा तपासल्या. रोग्याला उचलून इस्पितळात आणि घरच्यांना उचलून सेग्रिगेशन कँपात नेले. जवळजवळ निम्मी मुंबई गाव सोडून पळाली. पळणाऱ्यांच्या गाठोड्यांबरोबर आणि धान्याच्या पोत्यांबरोबर काय काय गेले असेल, याचा विचार तेव्हा कोणी करू शकत नव्हते.

पुण्यात प्लेगच्या बंदोबस्ताचे प्रमुख रँड यांनी लष्कराकरवी घरांच्या झडत्या घेतल्या. देवघरात बूट गेले, बायकांची अप्रतिष्ठा झाली. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. पुढचा इतिहास, टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला आणि चापेकरांची फाशी, आपल्याला शाळेपासून पाठ आहे. त्याच वर्षी १० मार्चला, प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना, सावित्रीबाई फुले गेल्या.

हा सगळा इतिहास आपण राजकारण म्हणून वाचतो, आणि तो राजकारणाचा इतिहास आहेच. पण त्याच्या मुळाशी एक शास्त्रीय चूकही होती. माणसांना माणसांपासून तोडायचे आणि उंदरांना त्यांच्या घरात तसेच ठेवायचे, असा तो उपाय होता. गटारे धुतल्याने तिथले उंदीर हलून घरांत शिरले असणार, असेच मला वाटते. इतक्या जुलमाने राबवलेला उपाय फळाला आला नाही, आणि लोकांचा त्यावर विश्वास बसला नाही, यात लोकांचे अडाणीपण शोधणे अन्यायाचे आहे. घर सोडून रानात जाण्याची त्यांची रीत सरकारी उपायांपेक्षा शहाणपणाची होती. का, ते त्यांनाही सांगता येत नव्हते. पण पाहिले त्यांनी नीट होते.

आता दोन परदेशी माणसांकडे वळू. वाल्डेमार हाफकिन हे ओडेसाचे ज्यू, पाश्चर संस्थेत तयार झालेले. कॉलऱ्याची लस घेऊन ते १८९३ पासून हिंदुस्थानात होते. १८९६ च्या ऑक्टोबरात ते मुंबईला आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमधल्या एका छोट्या प्रयोगशाळेत कामाला लागले. तीन महिन्यांत प्लेगची लस तयार झाली. ती आधी सशांवर तपासली. लस दिलेले ससे प्लेगच्या जंतूंपुढे टिकले. मग १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःला टोचून घेतली, आणि त्याच महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली तेव्हा तिथल्या तयार झालेल्या कैद्यांना टोचली. त्यांची कहाणी मोठी आहे आणि परळच्या संस्थेला त्यांचे नाव आहे हे योग्यच आहे. १८९७ ते १९२५ या काळात त्या लशीच्या २ कोटी ६० लाख मात्रा मुंबईतून बाहेर गेल्या. पण लस म्हणजे ढाल. वार कुठून येतो हे तिने सांगितले नाही.

ते शोधायला निघाला दुसरा माणूस. पॉल-लुई सिमों हा फ्रेंच नौदलाचा डॉक्टर, पाश्चर संस्थेने १८९७ मध्ये येरसँ यांच्या जागी मुंबईला पाठवला. रोग्यांना तपासताना त्याला काहींच्या अंगावर, बहुधा पायावर, एक बारीक फोड दिसे. फोडात प्लेगचे जंतू असत, आणि गाठ आलेली असे ती नेमकी त्या फोडाच्या वाटेवरच्या जागी. पायावर फोड असेल तर जांघेत गाठ. म्हणजे विष त्या फोडातून आत शिरले. फोड दिसायला किड्याच्या चावण्यासारखा. कोणता किडा?

सिमोंने उंदरांविषयीच्या हकिकती गोळा करायला सुरुवात केली. एका लोकरीच्या कारखान्यात सकाळी कामगार आले तेव्हा जमिनीवर बरेच मेलेले उंदीर पडले होते. ते साफ करायला वीस मजुरांना लावले. तीन दिवसांत त्यांतल्या दहा जणांना प्लेग झाला. कारखान्यातल्या बाकी कोणालाही झाला नाही. दुसरी गोष्ट अशी, की नुकताच मेलेला उंदीर हाताळणाऱ्याला धोका असे; पण एखादा दिवस उलटलेला उंदीर उचलणाऱ्याला सहसा काही होत नसे. जंतू तर दोन्ही प्रेतांत होते. फरक कशात? सिमोंचे उत्तर पिसू होते. निरोगी उंदीर आपले अंग चाटून साफ ठेवतो, त्यामुळे त्याच्यावर पिसवा थोड्या. उंदीर आजारी पडला की त्याची ही राखण संपते आणि पिसवा वाढतात. तो मेला, अंग गार पडले, की त्या उतरतात आणि ऊबदार रक्त शोधतात. त्या वेळी जो कोणी जवळ असेल, उंदीर, मांजर किंवा माणूस, तो त्यांचा नवा धनी.

ही कल्पना तपासायला त्याने कराचीत एक प्रयोग केला, आणि विज्ञानाच्या इतिहासात इतक्या थोड्या साधनांत इतके मोठे उत्तर क्वचितच मिळाले असेल. तारीख २ जून १८९८. जागा एका हॉटेलातली. प्लेगच्या रोग्याच्या घरातून पकडलेला आजारी उंदीर त्याने काचेच्या मोठ्या भांड्यात ठेवला. तळाला वाळू, तोंडाला बारीक जाळी. उंदराच्या अंगावर पिसवा होत्याच. आसपास फिरणाऱ्या एका मांजराच्या पिसवाही त्याने भांड्यात सोडल्या. उंदीर मरणाला टेकला तेव्हा तारेच्या छोट्या पिंजऱ्यात एक धडधाकट उंदीर घालून तो पिंजरा त्याच भांड्यात वर टांगला. दोघांमध्ये जाळी, स्पर्श नाही. फक्त पिसू आरपार जाऊ शकेल. आजारी उंदीर दुसऱ्या सकाळी मेला. वरचा उंदीर चार दिवस बरा होता. पाचव्या दिवशी त्याची हालचाल मंदावली, आणि मग तोही मेला. काखेत आणि जांघेत गाठी, यकृतात आणि प्लीहेत प्लेगचे जंतू. दुसऱ्या बाजूने त्याने हेही पाहिले, की पिसवा नसलेले उंदीर जंतू टोचलेल्या, मरणाऱ्या उंदरांबरोबर एकाच पिंजऱ्यात राहिले तरी निरोगी राहतात.

त्याच वर्षी त्याचा निबंध पाश्चर संस्थेच्या नियतकालिकात छापून आला. तिकडे फॉर्मोसात, म्हणजे आजच्या तैवानात, मासानोरी ओगाटा या जपानी संशोधकानेही उंदरांच्या पिसवा ठेचून त्यांचा अर्क उंदरांना टोचला होता, आणि ते प्लेगने मेले होते. दोन दिशांनी एकच बोट दाखवले जात होते.

तरीही कोणी मानले नाही. हिंदुस्थान सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशनने देशभर फिरून, शेकडो साक्षी घेऊन जो अहवाल दिला, त्यात प्लेगच्या फैलावात रक्तशोषक कीटकांचा विचार करण्याचे कारण नाही असा निर्वाळा होता. युरोपातही काहींनी सिमोंचे प्रयोग करून पाहिले आणि ते फसले. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या एका विद्वानाने तर उंदराची पिसू माणसाला चावतच नाही असे ठासून सांगितले.

इथे थोडे थांबले पाहिजे, कारण शंका घेणारे सगळे मूर्ख नव्हते. सिमोंचा प्रयोग एवढासा होता, त्यात मांजराच्या पिसवा मिसळलेल्या होत्या, आणि विज्ञानात एका भांड्यावर विश्वास ठेवू नये हा नियम योग्यच आहे. युरोपातल्या प्रयोगांमध्ये गोम वेगळीच होती. थंड देशातल्या उंदरांवर जी पिसू असते तिची जात निराळी. ती माणसाला सहसा चावत नाही. मुंबईच्या उंदरांवरची पिसू दुसऱ्या जातीची, उष्ण देशातली, आणि उंदीर मिळाला नाही तर माणसाला चावायला मागेपुढे न पाहणारी. तिचे शास्त्रीय वर्णन चार्ल्स रॉथशिल्ड यांनी सुदानात मिळालेल्या नमुन्यांवरून १९०३ मध्ये केले. मुंबईतल्या प्रश्नाचे उत्तर लोझानच्या पिसवांना विचारले, म्हणून ते चुकले. शंका घेणे बरोबर होते. पण पुन्हा, मुंबईत, मुंबईचे उंदीर घेऊन तपासून पाहण्याचे कष्ट न घेता प्रश्न मिटवून टाकणे चूक होते. त्या चुकीच्या वर्षांत हिंदुस्थानात माणसे लाखांनी मेली.

म्हणून लिस्टन यांचे मोल मोठे. राणीच्या बागेतल्या गिनीपिगांनी त्यांना वाट दाखवली, आणि पुढे मुंबईतल्या एका चाळीने. त्या चाळीत एप्रिलमध्ये उंदीर पडू लागले. मग एकदम थांबले. काही दिवसांत रहिवाशांना पिसवांचा इतका त्रास होऊ लागला, की खोल्या सोडून ते व्हरांड्यात निजू लागले. त्यानंतर प्लेगचा पहिला रोगी. लिस्टन यांनी त्या लोकांच्या अंगावरच्या पिसवा पकडून तपासल्या. तीस पिसवांपैकी चौदा उंदरांच्या निघाल्या. माणसाच्या अंगावर इतक्या प्रमाणात उंदरांच्या पिसवा एरवी सापडत नाहीत. लिस्टन यांनी मग गिनीपिगच कामाला लावले. प्लेगच्या घरांत त्यांना मोकळे सोडायचे आणि थोड्या वेळाने त्यांच्या केसांतल्या पिसवा मोजायच्या. डोळ्यांना न दिसणारा शत्रू त्या प्राण्यांच्या अंगावर जमा होऊन समोर येई. १९०४ मध्ये लिस्टन यांनी हे सगळे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीपुढे मांडले. पशुपक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या व्यासपीठावर प्लेगचे कोडे उलगडले जावे, हे मला फार योग्य वाटते.

१९०५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या आणि लिस्टर संस्थेच्या मदतीने नवे संशोधन मंडळ नेमले गेले. काम परळला सुरू झाले, पूर्वीच्या गव्हर्नरांच्या बंगल्यात, जिथे हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ पासून होती. लिस्टन या मंडळात होते. आणि इथे जे घडले ते प्रत्येक शाळेत शिकवावे इतके सुंदर आहे.

आवारात छोटी खोपटी बांधली. काहींवर देशी कौले, ज्यांच्या फटींत उंदीर सुखाने राहतात. काहींवर लोखंडी पत्रे, जिथे उंदीर थारा घेत नाहीत. छपराखाली तारेची जाळी, म्हणजे वरचा उंदीर खाली उतरणार नाही. मग जमिनीवर गिनीपिग सोडले. काही धडधाकट, काही प्लेगचे जंतू टोचलेले. एकत्र राहणार, एकत्र खाणार, एकमेकांच्या मलमूत्रात लोळणार. कौलांच्या खोपट्यात, जिथे उंदरांच्या पिसवा जाळीतून खाली येऊ शकत, धडधाकट गिनीपिग प्लेगने मेले. पत्र्याच्या खोपट्यात, जोवर पिसवा शिरल्या नाहीत तोवर, एकही बाधला नाही. आजारी मादीचे दूध पिणारी पिल्लेसुद्धा वाचली. नुसत्या सहवासाने हा रोग पसरत नाही याचा याहून कडक पुरावा मागता येणार नाही. ज्या सहवासाच्या भीतीने आईपासून मूल तोडले गेले होते, तो सहवास निरुपद्रवी होता.

पुढचा प्रयोग आणखी साधा. पिसवा असलेल्या खोपट्यात एक पिंजरा जमिनीपासून दोन फूट उंच टांगला, दुसरा दोन इंचांवर. दोन फुटांवरचा गिनीपिग जगला. दोन इंचांवरचा मेला. विष हवेतून येत असते तर दोघेही गेले असते. पिसवेची उडी चार-पाच इंचांची. प्लेग इतक्याच उंचीवर चढू शकत होता.

मग माकडांची पाळी आली. प्लेगच्या घरांत दोन पिंजरे ठेवले. एकाभोवती पिसवेच्या उडीपेक्षा रुंद असा चिकट पदार्थाचा पट्टा, दुसऱ्याभोवती तेवढाच रुंद वाळूचा. गिनीपिगांवरही हाच प्रयोग केला. चिकट पट्ट्याआडचे प्राणी वाचले. वाळूमागचे काही प्राणी प्लेगने गेले. पट्ट्यावर अडकलेल्या पिसवा मोजल्या तर २४७ भरल्या: माणसाच्या १४७, उंदराच्या ८४, मांजराच्या १६. त्या चिरून पाहिल्या तेव्हा माणसाच्या पिसवांत प्लेगचे जंतू जवळजवळ नव्हते, आणि उंदराच्या पिसवांपैकी बऱ्याच जणींच्या पोटात होते. संख्येने माणसाची पिसू जास्त. पण गुन्हा तिचा नव्हता.

जमिनी उकरण्याचाही हिशेब झाला. शेणाने सारवलेल्या जमिनीवर मुद्दाम प्लेगचे जंतू ओतले, तर ती ४८ तासांनंतर बाधक राहिली नाही. चुन्याची तर २४ तासांतच निर्धोक झाली. गोरगरिबांच्या ज्या शेणाच्या जमिनींवर एवढा रोष होता, त्या दोन दिवसांत निर्दोष ठरत होत्या.

आणि सगळ्यात चिकाटीचे काम म्हणजे उंदीर मोजणे. शहरभरातून मेलेले आणि पकडलेले उंदीर, कुठून आणले त्याच्या नोंदीसह, परळला येत आणि एकेक करून चिरले जात. एका वर्षात एक लाखाहून अधिक. ते गोळा करणाऱ्या मजुरांची नावे अहवालांत नाहीत. पण त्यांच्या हातांवाचून तो अहवाल झाला नसता, आणि धोका त्यांनीच सर्वांत आधी पत्करला होता. त्या मोजणीतून साथीचे वेळापत्रक तयार झाले. आधी गटारातला मोठा घूस-उंदीर मरतो. साधारण दहा दिवसांनी घरातला काळा उंदीर. त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी माणूस. या दहा-चौदा दिवसांचाही हिशेब लागला: उंदीर मेल्यावर पिसू उपाशी राहते ते तीन दिवस, चावल्यावर रोग दिसायला तीन दिवस, आणि आजारपणाचे पाच-सहा दिवस. आठवडी मृत्यूंच्या आकड्यांत जे गूढ वाटत होते ते उंदरांच्या आकड्यांशेजारी ठेवताच उलगडले. उंदीर पडला की घर सोडावे, या गावरान नियमाला आता कारण मिळाले. घर सोडणारा माणूस आपल्या आणि उपाशी पिसवेच्या मध्ये अंतर घालत होता.

एक गोष्ट राहिली होती. पिसू जंतू पोटात घेऊन फिरते, पण ते माणसाच्या रक्तात उतरवते कशी? त्याचे उत्तर लंडनमध्ये, आर्थर बॅकट आणि चार्ल्स मार्टिन यांनी १९१४ मध्ये दिले. जंतू वाढून पिसवेच्या जठराच्या तोंडाशी गुठळी धरतात. रक्त आत जात नाही, पिसवेची भूक भागत नाही, म्हणून ती वेड्यासारखी पुन्हापुन्हा चावते, आणि प्रत्येक वेळी आत न गेलेले रक्त जंतूंसह उलटून जखमेत येते. पिसूसुद्धा या रोगाची बळीच असते, हे वाचले तेव्हा मी थक्क झालो होतो.

मुंबईच्या उंदरांनी आणखी एक धडा दिला, आणि तो प्लेगपुरता नव्हता. संशोधकांच्या लक्षात आले, की वर्षे गेली तसे मुंबईचे उंदीर प्लेगला दाद देईनासे झाले. मद्रास शहरात प्लेग फारसा पसरला नव्हता. तिथून आणलेल्या उंदरांना जंतू टोचले तर ते पटापट मरत. तेवढीच मात्रा मुंबईचे कित्येक उंदीर पचवत. दुर्बळ मेले होते, जगले त्यांची संतती वाढली होती. निसर्गाची निवड डार्विनने ज्या कालमानात सांगितली त्याहून किती तरी झटपट, आपल्याच गटारांत, काही वर्षांत घडून गेली. मुंबईतला प्लेग पुढे ओसरत गेला त्यात चुना आणि कार्बोलिकचा वाटा किती, आणि या मरून-तरून घट्ट झालेल्या उंदरांचा किती, याचा विचार करताना माझे झुकते माप उंदरांकडे जाते.

या सगळ्यात जे प्राणी मेले त्यांच्याविषयीही बोलले पाहिजे. परळच्या खोपट्यांत गिनीपिगांनी यातना भोगल्या, माकडांनी भोगल्या. त्यांना कोणी विचारले नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुढच्या काही दशकांत हिंदुस्थानात प्लेगने एक कोटीहून अधिक माणसे नेली. तो आकडा समोर ठेवला की हे प्रयोग करायला नको होते असे मी म्हणू शकत नाही. पण ज्यांच्या मरणाने आपण शिकलो, त्यांच्या मरणाची नोंद तरी मन लावून वाचावी, एवढे आपण देणे लागतो. त्या अहवालांत प्रत्येक प्राण्याचा दिवस, पिंजरा, उंची आणि शेवट लिहिलेला आहे.

१९९४ च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात पुन्हा उंदीर पडू लागले. आदल्या वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ ला, किल्लारीचा भूकंप झाला होता. पडझड झालेली घरे लोकांनी सोडली, त्यांत धान्य राहिले, उंदीर माजले. उंदीर मेले, मग गावकऱ्यांना पिसवा चावू लागल्या, मग ताप आणि गाठी. घूस-उंदीर, घरचा उंदीर, पिसू, माणूस: परळला लिहून ठेवलेल्या वेळापत्रकाची हीच पाने. यावेळी मात्र कोणाच्या देवघरात सैनिक शिरले नाहीत. घरांत कीटकनाशक फवारले, लोकांना गोळ्या दिल्या, आणि गाठीचा रोग आटोक्यात राहिला.

प्लेगचा जंतू जगातून गेलेला नाही. रानातल्या कुरतडणाऱ्या प्राण्यांमध्ये तो अजून आहे. म्हणून वाचकहो, घरात, वखारीत किंवा शिवारात एकाच वेळी बरेच उंदीर कारणावाचून मेलेले दिसले, तर ते उघड्या हातांनी उचलू नका, झाडूने बाहेर ढकलू नका. आधी आरोग्य केंद्राला कळवा. आणि जिथे प्लेगची शंका असेल तिथे उंदीर मारण्याची घाई करू नका. आधी पिसवा मारायच्या, मग उंदीर.